खूण, रूप आणि शब्द : महाराष्ट्र व गोव्यातील ख्रिस्ती परंपरांमधील क्रूस व क्रूसमूर्ती

सारांश

क्रूस हे ख्रिस्ती धर्माचे सर्वमान्य प्रतीक मानले जाते. तथापि त्या क्रुसावर येशूची देहाकृती असावी की नसावी, या प्रश्नावर ख्रिस्ती परंपरांमध्ये शतकानुशतके मतभेद राहिले आहेत. प्रस्तुत निबंधात महाराष्ट्र व गोवा या प्रदेशांतील पूर्व सिरियन, रोमन कॅथलिक, अमेरिकन मराठी मिशन आणि उच्च-अँग्लिकन या चार परंपरांचा या दृष्टीने विचार केला आहे. हा भेद युरोपातून जसाच्या तसा येथे आला नाही. मूर्तिपूजेविषयीच्या येथील वादामुळे त्याला मराठी मुलुखात वेगळे वळण मिळाले, असे प्रतिपादन येथे केले आहे.

कळीचे शब्द : क्रूस, क्रूसमूर्ती, वधस्तंभ, मूर्तिपूजा, अमेरिकन मराठी मिशन, पंचहौद, सोलापूर.

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या प्रबोधनाचा इतिहास लिहिताना ख्रिस्ती मिशनऱ्यांचा उल्लेख अटळ असतो. परंतु 'मिशनरी' हा शब्द बहुधा सरसकट वापरला जातो. मिशनरी कोणत्या पंथाचे होते, त्यांची उपासनापद्धती कोणती होती, आणि त्या पद्धतीचा त्यांच्या उपदेशावर काय परिणाम झाला, याची चौकशी फारशी होत नाही. परिणामी मराठी ख्रिस्ती समाज हा एकजिनसी असल्याचा समज रूढ होतो.

हा समज किती अपुरा आहे हे सोलापूरसारख्या शहरातही पाहता येते. १८१८ मध्ये सोलापूर इंग्रजांच्या ताब्यात आले. पुढे येथे लष्करी छावणी होती. शहरातील 'लष्कर' हे नाव आजही तिची आठवण देते. १८६० च्या सुमारास रेल्वे आली आणि त्याच दशकात अमेरिकन मराठी मिशनने येथे आपले केंद्र उभारले. रेव्हरंड चार्ल्स हार्डिंग यांचे नाव या केंद्राशी निगडित आहे. मिशनची वोरोनोको ही मुलींची शाळाही पुढे शहराच्या शैक्षणिक इतिहासाचा भाग झाली. दुसरीकडे शहरातील रोमन कॅथलिक समाज पुणे धर्मप्रांताशी जोडलेला आहे. या दोन परंपरांच्या उपासनागृहांतील पहिला दृश्य भेद क्रुसाचा असतो. एकीकडे क्रूस असल्यास तो रिकामा असतो. दुसरीकडे वेदीपाशी येशूच्या देहाकृतीसह क्रूस असतो.

मराठीत या दोन वस्तूंना वेगळी रूढ नावे नाहीत. विवेचनाच्या सोयीसाठी प्रस्तुत निबंधात देहाकृती नसलेल्या चिन्हाला 'क्रूस' आणि देहाकृती असलेल्या चिन्हाला 'क्रूसमूर्ती' असे म्हटले आहे. हा भेद केवळ सजावटीचा नाही. ख्रिस्ताच्या मरणाची जाणीव भक्ताला कोणत्या वाटेने व्हावी, याविषयीच्या भिन्न भूमिका त्यामागे आहेत. निबंधाच्या शीर्षकातील 'खूण', 'रूप' आणि 'शब्द' हे तीन शब्द त्या भूमिकांसाठी योजले आहेत. ही विश्लेषणाची साधने आहेत. कोणत्याही परंपरेने स्वतःसाठी वापरलेल्या संज्ञा नव्हेत.

जागतिक पार्श्वभूमी

क्रूस हे रोमन साम्राज्यात गुलाम व बंडखोर यांना देहदंड देण्याचे साधन होते. त्यामुळे आरंभीच्या ख्रिस्ती कलेत क्रुसावरील येशूचे चित्रण जवळजवळ आढळत नाही. चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइनच्या काळात ही शिक्षा बंद झाली आणि तिची प्रत्यक्ष दहशत ओसरल्यानंतरच हे चित्रण हळूहळू रूढ झाले. रोममधील सांता साबिना चर्चच्या पाचव्या शतकातील लाकडी दरवाजावरील शिल्प हे त्याचे एक प्राचीन उदाहरण होय. सिरियातील ५८६ च्या रब्बुला हस्तलिखितात क्रुसावरील येशू वस्त्र परिधान केलेला आणि डोळे उघडे असलेला दाखविला आहे. पश्चिम युरोपात दहाव्या शतकानंतर मात्र मृत, वेदनेने वाकलेला देह दाखविण्याकडे कल झाला. जर्मनीतील कलोन येथील गेरो क्रूसमूर्ती हा या बदलाचा ठळक टप्पा मानला जातो.

प्रतिमांविषयीचा वादही जुनाच आहे. ७८७ च्या निकियाच्या दुसऱ्या धर्मसभेने असा निर्णय दिला की आराधना केवळ देवाची असते. प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेत न राहता तिच्या मूळ व्यक्तीकडे जातो. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चने या आधारे रंगविलेल्या सपाट प्रतिमा स्वीकारल्या, पण पूर्णाकृती शिल्पांपासून ते सामान्यतः दूर राहिले. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेत प्रॉटेस्टंटांचे यावर एकमत नव्हते. मार्टिन ल्यूथरच्या अनुयायांनी क्रूसमूर्ती ठेवली. झ्युरिकमध्ये झ्विंग्लीच्या आणि पुढे जिनिव्हात कॅल्व्हिनच्या परंपरेने प्रतिमा काढून टाकल्या. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने प्रतिमांचा योग्य उपयोग पुन्हा मान्य केला.

दहा आज्ञांची गणनाही या भेदाशी जोडलेली आहे. कोरीव प्रतिमांना मनाई करणारे वचन कॅथलिक व ल्यूथरन परंपरा पहिल्या आज्ञेचा भाग मानतात. कॅल्व्हिनची परंपरा, अँग्लिकन आणि ऑर्थोडॉक्स ते स्वतंत्र दुसरी आज्ञा म्हणून मोजतात. म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गात मूल आज्ञा पाठ करते, तेव्हाच प्रतिमेच्या प्रश्नाला किती महत्त्व द्यायचे हे काही अंशी ठरलेले असते. अर्थात गणना एक असूनही अँग्लिकन, ऑर्थोडॉक्स आणि कॅल्व्हिनपंथीय यांचे आचार भिन्न राहिले, हेही लक्षात घेतले पाहिजे.

पूर्व सिरियन परंपरा : क्रूस ही खूण

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीजांच्या कित्येक शतके आधी ख्रिस्ती वस्ती होती. सहाव्या शतकातील प्रवासी कॉस्मस इंडिकोप्लुस्टेस याने 'कल्याना' येथे पर्शियात दीक्षा झालेला बिशप असल्याचे नोंदविले आहे. हे स्थान ठाणे जिल्ह्यातील कल्याण होय, असे अनेक अभ्यासक मानतात. १३२१ मध्ये ठाणे येथे चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, त्या वेळी त्यांना आश्रय देणारी घरे याच पूर्व सिरियन परंपरेतील ख्रिस्ती लोकांची होती.

या परंपरेचा क्रूस कसा होता, याचा पुरावा गोव्यात मिळाला. तिसवाडी तालुक्यातील आगशी येथे, झुआरी नदीच्या परिसरात, फादर कॉस्मे कोस्ता यांना २००१ मध्ये पहलवी लेख असलेला एक दगडी क्रूस आढळला. चेन्नईतील सेंट थॉमस माउंट येथे १५४७ मध्ये सापडलेला आणि केरळातील कोट्टयम येथील क्रूस याच गटातील आहेत. इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकातील या क्रुसांवर देहाकृती नाही. या गटातील क्रुसांच्या बाहूंची टोके कळीसारखी उमलती असतात, तळाशी पानाफुलांचा किंवा कमळासारखा आधार असतो आणि काहींवर वरून उतरणारे कबुतर कोरलेले असते. येथे क्रूस मरणाचे दृश्य दाखवीत नाही. तो मरणावरील विजयाची खूण असतो.

प्रॉटेस्टंटांच्या रिकाम्या क्रुसाशी या क्रुसाचे बाह्य साम्य असले, तरी दोहोंची कारणपरंपरा वेगळी आहे. मूर्तीला विरोध म्हणून येथे देह काढून टाकलेला नाही. देहाकृतीचा पाश्चात्त्य प्रघात ज्या काळी रूढही झाला नव्हता, त्या काळातील ही खूण आहे.

या परंपरेचा पुढील इतिहासही उद्बोधक आहे. १५९९ च्या उदयंपेरूर धर्मसभेनंतर केरळातील ख्रिस्ती समाजाच्या मोठ्या भागावर लॅटिन पद्धतीचा प्रभाव वाढला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिरो-मलबार चर्चमध्ये वेदीवर जुना सिरियन क्रूस असावा की लॅटिन पद्धतीची क्रूसमूर्ती, यावरून तीव्र वाद झाला. हे चर्च रोमशी संलग्न, म्हणजे कॅथलिकच आहे. महाराष्ट्रात स्थिरावलेल्या मल्याळी कुटुंबांसाठी १९८८ मध्ये या चर्चचा जो धर्मप्रांत स्थापन झाला, त्याला कल्याणचेच नाव देण्यात आले. 'कॅथलिक म्हणजे क्रूसमूर्ती' हे समीकरण त्यामुळे महाराष्ट्रापुरतेही पूर्ण खरे ठरत नाही.

पोर्तुगीज काळ : क्रूस आणि रूप

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतले आणि १५३४ मध्ये वसई मिळविली. १५६० च्या दशकात सासष्टी व बार्देश भागातील देवळे पाडण्यात आली. गावाच्या वेशीवर, चव्हाट्यावर आणि वाटेच्या कडेला क्रूस उभे राहिले. स्थानिक देवतांच्या जागांवर नव्या सत्तेची व नव्या धर्माची मुद्रा उमटविण्याचे काम या क्रुसांनी केले. म्हणजे ज्या भूमीत देव डोळ्यांनी पाहण्याची, त्याच्या पायांना स्पर्श करण्याची रीत होती, तेथे कॅथलिक धर्माने ती रीत मोडली नाही. तिचा विषय बदलला. गुड फ्रायडेला क्रूसमूर्तीच्या चरणांचे चुंबन घेणारा भाविक आणि देवाच्या पायांवर डोके ठेवणारा भाविक यांच्या श्रद्धेचा आशय भिन्न आहे, परंतु शरीराची भाषा परस्परांना समजण्याजोगी आहे. गोव्यातील कित्येक वाटेवरच्या क्रुसांना हिंदू ग्रामस्थही फुले व तेल वाहतात, हे या संदर्भात लक्षणीय आहे.

गोव्यातील दोन वस्तू या परंपरेच्या दोन बाजू दाखवितात. पहिली म्हणजे जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमधील 'चमत्कारी क्रूस'. १६१९ मध्ये या साध्या लाकडी क्रुसावर येशूचे दर्शन झाले, अशी श्रद्धा आहे. रिकाम्या क्रुसावर रूप प्रकट झाले, ही कथा कॅथलिक मनाची ओढ कोणत्या दिशेला होती हे सांगते. दुसरी वस्तू म्हणजे पणजीच्या फोंतेन्यास भागातील सेंट सेबास्टियन कपेलातील क्रूसमूर्ती. ती मूळची जुन्या गोव्यातील इन्क्विझिशनच्या वाड्यातील. १५६० मध्ये सुरू झालेले हे न्यायासन १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. त्यानंतर मूर्ती पणजीला आली आणि १९१८ मध्ये या कपेलात ठेवली गेली. तिच्यातील येशूचे मस्तक झुकलेले नाही आणि डोळे उघडे आहेत. ज्यांच्यावर आरोप ठेवले जात, त्यांच्याकडे ही मूर्ती पाहत असे. करुणेचे रूप सत्तेच्या दालनात भयाचेही साधन होऊ शकते, याचा हा पुरावा होय. क्रूसमूर्तीचा अर्थ तिच्या आकारावर जितका अवलंबून असतो, तितकाच ती कोठे व कोणासमोर उभी आहे यावरही असतो.

वसई-साष्टी भागात रूप आणि खूण यांच्यामधला एक तिसरा प्रकारही दिसतो. वांद्रे येथील सेंट अँड्र्यू चर्चच्या आवारात सुमारे १७ फूट उंचीचा एकाश्म क्रूस आहे. त्यावर देह नाही, पण ख्रिस्ताच्या यातनांची चिन्हे कोरलेली आहेत. अशा क्रुसांवर सामान्यतः काटेरी मुकुट, खिळे, शिडी, हातोडा, कोंबडा अशी चिन्हे आढळतात. पाहणाऱ्याने ती एकेक करून वाचावीत आणि यातनांची कथा मनात उभी करावी, अशी ही योजना आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा ईस्ट इंडियन समाजाच्या गावठाणांत रक्षणासाठी अनेक क्रूस उभारले गेले आणि त्यांच्यासमोर सामुदायिक प्रार्थना होऊ लागल्या. तेथे क्रूस वेशीवरच्या रक्षकाचे काम करू लागला.

तथापि कॅथलिक परंपरेने केवळ रूपावर भिस्त ठेवली, असे मानणे चुकीचे होईल. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांनी ओवीछंदात 'क्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्यांच्या या ग्रंथात येशूच्या यातना व मरण यांचे विस्तृत कथन आहे. ज्यांची पुराणे हिरावली गेली होती, त्या नवख्रिस्ती श्रोत्यांसमोर वेदीवरचे रूप आता मराठी ओवीत बोलू लागले.

'क्रूस' आणि 'वधस्तंभ' : शब्दांचा इतिहास

पोर्तुगीज 'क्रूज' या शब्दापासून कोकणीत 'खुरीस' आणि उत्तर कोकणच्या बोलींत 'कुरूस' अशी रूपे झाली. मराठी कॅथलिक समाजात 'क्रुसाची खूण', 'क्रुसाची वाट' हे शब्दप्रयोग रूढ आहेत. 'क्रुसाची वाट' म्हणजे येशूच्या अखेरच्या प्रवासातील १४ प्रसंगांसमोर थांबत केलेली प्रार्थना. येथे शब्दही पाहण्याशी आणि चालण्याशी जोडलेला आहे.

प्रॉटेस्टंटांमध्ये प्रचलित असलेल्या मराठी बायबलने मात्र 'वधस्तंभ' हा संस्कृतप्रचुर शब्द स्वीकारला. मूळ ग्रीक शब्दातही उभ्या खांबाचा अर्थ आहे, त्यामुळे भाषांतर म्हणून तो समर्थनीय आहे. परंतु त्याचा परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. 'क्रूस' म्हणताच एक आकृती डोळ्यांसमोर येते. 'वधस्तंभ' हा शब्द आकृती सांगत नाही, कृत्य सांगतो. ऐकणाऱ्याला काय दिसले यापेक्षा काय घडले हे त्यात महत्त्वाचे ठरते. प्रॉटेस्टंट गीतांमधून 'क्रूस' हा शब्दही वापरला जातो, म्हणून ही विभागणी काटेकोर नाही; पण कल स्पष्ट आहे.

अमेरिकन मराठी मिशन : क्रूस आणि शब्द

गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले. १८३१ मध्ये मिशनने अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे केंद्र सुरू केले आणि तेथून पुढे ते सोलापूरपर्यंत पोहोचले. हे मिशनरी प्रामुख्याने न्यू इंग्लंडमधील काँग्रिगेशनल परंपरेतील होते. त्या काळातील न्यू इंग्लंडच्या सभागृहांत क्रूसमूर्ती तर नव्हतीच, साधा क्रूसही सामान्यतः नसे. अमेरिकन प्रॉटेस्टंट चर्चमध्ये क्रूस दिसू लागला तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, गॉथिक वास्तुशैलीच्या पुनरुज्जीवनाबरोबर. 'आमचा क्रूस रिकामा आहे, कारण प्रभू उठला आहे' असे स्पष्टीकरण आज प्रॉटेस्टंट समाजात सर्रास ऐकू येते. श्रद्धा म्हणून ते अर्थपूर्ण आहे. इतिहास म्हणून मात्र ते उत्तरकालीन आहे. मूळ भूमिका पुनरुत्थान दाखविण्याची नव्हती, प्रतिमा टाळण्याची होती.

मराठी मुलुखात ही भूमिका अधिक कठोर होण्यास सबळ कारण होते. १८३१ मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा जाहीर वाद झाला. दांडेकरांनी 'श्रीहिंदुधर्मस्थापना' लिहिले आणि विल्सन यांनी त्याला उत्तर दिले. पुढे १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी यांचे मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावरील वाद प्रसिद्ध झाले. प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांच्या टीकेचा एक मुख्य विषय मूर्तिपूजा हा होता. मूर्तीवर टीका करणाऱ्या उपदेशकाने स्वतः क्रूसमूर्ती हाती धरणे म्हणजे आपल्याच युक्तिवादाला छेद देणे होते.

सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी लागते, कारण पंढरपूर याच जिल्ह्यात आहे. पंढरीच्या यात्रेत मिशनरी उपदेशासाठी जात असत. विठ्ठलाच्या समचरणांवर डोके टेकविण्यासाठी दूरदूरहून चालत आलेल्या समुदायासमोर त्यांचा संदेश होता की देव दगडात नाही. प्रतिमा व तिचे मूळ यांतील जो सूक्ष्म भेद निकियाच्या धर्मसभेने केला होता, तसा भेद वारकरीही आपल्या परीने करतो, हे त्या वादाच्या धुमाळीत लक्षात घेतले गेले नाही. सगुण आणि निर्गुण, नाम आणि रूप यांचा विचार मराठी संतपरंपरेने कित्येक शतके केलेला होता.

या परंपरेचा लाभ पुढच्या पिढीने घेतला. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि अहमदनगर हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. टिळकांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंग, पदे आणि कीर्तन यांची जोड दिली. त्यांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाई टिळकांनी पूर्ण केले. ज्या उपासनागृहात रूप नव्हते, तेथे टिळकांची गीते रूपाचे काम करू लागली. ख्रिस्ताचे दुःख भिंतीवर नव्हते. ते टाळ-मृदंगाच्या साथीने कानांवर येत होते. पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायारंभी ख्रिस्ताचे मरण श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर स्पष्टपणे ठेवले गेल्याचा उल्लेख आहे. ते ठेवले गेले होते उपदेशातून. काँग्रिगेशनल परंपरेचा मराठी अवतार याच अर्थाने समजून घेता येतो.

शब्दाला पंथाच्या भिंती ओलांडणे रूपापेक्षा सोपे जाते, याचे एक उदाहरण येथे नमूद करणे उचित ठरेल. कॅथलिक स्टीफन्सच्या 'क्रिस्तपुराणा'ची देवनागरी हस्तलिखित प्रत लंडनमधील मार्सडेन संग्रहात असल्याचे १९२३ मध्ये विद्वानांच्या नजरेस आणून देणारे जस्टिन अॅबट हे अमेरिकन मराठी मिशनचे माजी मिशनरी होते. ज्या परंपरेने क्रूसमूर्ती दूर ठेवली, तिच्यातील अभ्यासकाने कॅथलिक यातनाकथेच्या ओव्या आपल्या मानल्या.

पंचहौद आणि पंडिता रमाबाई : कोणाच्या भाषेतील क्रूस?

१८९० च्या चहाप्रकरणामुळे पुण्यातील पंचहौद मिशन मराठी वाचकांना परिचित आहे. या मिशनची उपासनापद्धती मात्र तितकीशी परिचित नाही. कौली येथील सेंट जॉन संघाचे धर्मगुरू आणि वाँटेज येथील सेंट मेरी संघाच्या भगिनी १८७० च्या दशकात पुण्यात आल्या. १८८५ मध्ये पंचहौदचे पवित्र नाम देवालय बांधले गेले. हे लोक अँग्लिकन, म्हणजे रोमपासून स्वतंत्र होते. परंतु इंग्लंडमधील ऑक्सफर्ड चळवळीच्या प्रभावामुळे वेदी, धूप, पोशाख, क्रूसमूर्ती अशा कॅथलिक प्रघातांना त्यांनी पुन्हा स्थान दिले होते. त्याच सुमारास एस. पी. जी. या अँग्लिकन मिशनने अहमदनगर भागात काम सुरू केल्यामुळे अमेरिकन मिशनशी त्याचे खटके उडाले. एकाच जिल्ह्यातील, कधी एकाच नात्यातील मराठी ख्रिस्ती कुटुंबे दोन भिन्न उपासनापद्धतींत विभागली गेली.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे झाला. त्यानंतर भगिनी जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला आहे. त्यात लॅटिन अक्षरे असलेला क्रूस गळ्यात घालण्याविषयीचा वाद आहे. रमाबाईंचा आक्षेप क्रुसाला नव्हता. त्यावरील भाषेला होता. क्रुसावर शब्द असायचेच असतील तर ते संस्कृतात असावेत, असे त्यांचे म्हणणे होते. संस्कृत ही देवभाषा म्हणून नव्हे, तर आपल्या मायभूमीची प्राचीन व सुंदर भाषा म्हणून त्यांना ती हवी होती. जी भाषा आपल्या देशबांधवांना कळत नाही ती अंगावर मिरवावी कशासाठी, हा त्यांच्या भूमिकेचा आशय होता.

युरोपातील तीन शतकांचा वाद देह असावा की नसावा, यावर अडला होता. रमाबाईंनी प्रश्नच बदलला. चिन्ह कोणते, याइतकेच ते कोणाशी बोलते, हे त्यांना महत्त्वाचे वाटले. मराठी बायबलचे सुबोध भाषांतर करण्यात त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे घालविली, त्यामागे हीच दृष्टी दिसते. क्रुसाच्या मराठी इतिहासात त्यांचे स्थान त्यामुळे कोणत्याही एका पंथाच्या चौकटीत बसत नाही.

१९७० नंतर

अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या १९२४ मध्ये स्थापन झालेल्या उत्तर भारताच्या संयुक्त चर्चमध्ये सामील झाल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा अँग्लिकन आणि काँग्रिगेशनल हे दोन्ही प्रवाह इतर काही पंथांसह एका चर्चमध्ये आले. कधीकाळी परस्परांना टोकणाऱ्या परंपरा आता एका बिशपाखाली आल्या. या चर्चच्या बोधचिन्हात कमळ, क्रूस आणि प्याला आहे. क्रूस अर्थातच देहाकृतीविना आहे. वास्तूंचे आणि वेद्यांचे रूप मात्र बऱ्याच अंशी त्या त्या मंडळीच्या जुन्या वारशावर अवलंबून राहिले. उत्तम शुक्रवारी येशूच्या क्रुसावरील सात उद्गारांवर होणारी प्रवचने आज अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत रूढ आहेत. तीन तासांच्या या उपासनेचा आरंभ सतराव्या शतकात पेरू देशातील लिमा येथील जेझुइटांनी केला होता. कॅथलिकांकडून आलेली ही उपासना प्रॉटेस्टंटांनी सहज स्वीकारली, कारण ती शब्दाची उपासना होती.

दुसऱ्या बाजूला, १९६२ ते १९६५ या काळातील दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनंतर कॅथलिक उपासना मराठीत आली आणि बायबलवाचनाला अधिक स्थान मिळाले. रूपाच्या परंपरेत शब्दाचे वजन वाढले. दोन्ही प्रवाह परस्परांच्या दिशेने काही पावले सरकले. क्रूसमूर्तीचा भेद मात्र कायम राहिला.

निष्कर्ष

१. क्रूस व क्रूसमूर्ती यांतील भेद 'कॅथलिक विरुद्ध प्रॉटेस्टंट' या सोप्या विभागणीत बसत नाही. सिरो-मलबार कॅथलिकांमधील वाद, ल्यूथरन परंपरेने राखलेली क्रूसमूर्ती आणि पंचहौदचे अँग्लिकन हे तिन्ही त्या विभागणीला अपवाद आहेत.

२. मराठी मुलुखात या प्रश्नाला मूर्तिपूजेच्या वादाने आकार दिला. पोर्तुगीज कॅथलिकांनी येथील दर्शनाची रीत राखून तिचा विषय बदलला. अमेरिकन मिशनने ती रीतच नाकारली आणि रिकामी झालेली जागा पुढे मराठी अभंग-कीर्तनाने भरली.

३. सर्व परंपरांना ख्रिस्ताचे मरण सारखेच महत्त्वाचे आहे. ते डोळ्यांनी पाहावे, कानांनी ऐकावे की विजयाची खूण म्हणून मिरवावे, याविषयी त्यांचे एकमत नाही. एखाद्या परंपरेला 'मूर्तिपूजक' किंवा 'कोरडी' ठरविणारी भाषा ही त्या जुन्या वादाचाच अवशेष होय. इतिहासलेखनात तिला स्थान असू नये.

४. स्थानिक इतिहासाच्या नोंदींत चर्च, दफनभूमी व वाटेवरचे क्रूस यांचा उल्लेख बहुधा एका ओळीत संपतो. क्रुसावर देह आहे काय, यातनाचिन्हे आहेत काय, लेख असल्यास तो कोणत्या भाषेत व लिपीत आहे, आणि क्रूस कोणी कोणत्या प्रसंगी उभारला, या चार गोष्टी नोंदविल्या तर त्या वस्तीचा धार्मिक व सामाजिक इतिहास पुष्कळ अंशी उलगडू शकतो. सोलापूरसारख्या मराठी, कन्नड व तेलुगू भाषकांच्या शहरात दफनभूमीतील लेखांची भाषा हे स्वतंत्र साधन ठरू शकते. दगड झिजत आहेत आणि जुन्या वास्तूंची दुरुस्ती होताना अशा खुणा पुसल्या जातात. म्हणून महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून हे काम हाती घेणे आवश्यक आहे.